तीच गोळी, तोच डाग

पत्र:

डॉक्टर, नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातल्या एका गावात राहते, शाळेत शिकवते. आमच्या घराला औषधंच सोसत नाहीत असं वाटायला लागलंय. ह्यांना जुलाब लागले की मेडिकलमधून नेहमीची गोळी आणतात. जुलाब थांबतात, पण त्याच संध्याकाळी खालच्या ओठावर डावीकडे आणि उजव्या हाताच्या पंजावर गोल चट्टा उठतो, आग होते आणि मग तिथे काळा डाग राहतो. दर वेळी त्याच जागी. यंदा तिसरा चट्टा नको त्या जागी उठला. त्यावरून घरात जे बोलणं झालं ते इथे लिहीत नाही. थोरल्या जाऊबाई म्हणतात, गोळ्या गरम पडतात, अंगातली उष्णता बाहेर येते. मेडिकलवाल्यांनी एक ट्यूब दिली आहे, ती लावतात.

सासूबाईंना (वय ६६) बीपी आणि शुगर आहे. बीपीची गोळी दीड वर्ष चालू आहे, कधी त्रास नव्हता. गेल्या महिन्यात दोनदा सकाळी उठल्या तर वरचा ओठ सुजून टम्म. खाज नाही, अंगावर पित्त नाही. ॲलर्जीची गोळी दिली, दुसऱ्या दिवशी उतरलं. आणि मुलीला (वय ७) तापात अमॉक्सिसिलिनचं पातळ औषध दिलं होतं, तर सहाव्या दिवशी अंगभर लाल पुरळ. तिच्या शाळेच्या फॉर्मवर ‘पेनिसिलिनची ॲलर्जी’ असं लिहायचं का? लॅबवाले रक्तातून शंभरेक गोष्टींची ॲलर्जी तपासून देतात म्हणे. सगळ्यांचीच करून घेऊ का?

— एक वाचक

उत्तर:

ताई, पत्राच्या क्रमाने जात नाही. आधी सासूबाईंचं सांगते, कारण ते उद्यावर टाकण्यासारखं नाही.

त्यांच्या बीपीच्या गोळीचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही. गोळ्यांची पट्टी हातात घ्या आणि मोठ्या अक्षरांतल्या नावाखाली बारीक अक्षरांत काय छापलंय ते वाचा. एनालाप्रिल, रामिप्रिल, लिसिनोप्रिल, पेरिंडोप्रिल असं शेवटी ‘प्रिल’ असलेलं नाव निघालं, तर ओठ सुजण्याचं कारण बहुतेक करून तीच गोळी आहे. मग पुढची गोळी देण्याआधी, म्हणजे आजच, ज्यांनी ती लिहून दिली त्या डॉक्टरांना फोन करा. सांगा की दोनदा ओठ सुजला, खाज नव्हती, गांधी उठल्या नव्हत्या. बीपीचं औषधच बंद करून बसू नका. ही गोळी काढून तिच्या जागी दुसऱ्या गटातली द्यायची असते आणि तशा गोळ्या पुष्कळ आहेत.

दीड वर्ष सोसलेली गोळी आताच कशी बाधली, असं तुम्हाला वाटणं साहजिक आहे. पण या गटाचं वागणंच असं फसवं आहे. आपल्या शरीरात ब्रॅडिकायनिन नावाचं एक द्रव्य सतत तयार होत असतं. ते बारीक रक्तवाहिन्या सैल करतं आणि त्यांतलं पाणी बाहेर झिरपू देतं. काम झालं की एक एन्झाइम त्याचा निकाल लावतं. प्रिल गटातल्या गोळ्या नेमक्या त्याच एन्झाइमला अडवतात. बीपी उतरतं ते त्यामुळेच, आणि या गोळ्यांनी काही जणांना महिनोन्महिने कोरडा खोकला लागतो त्याचंही मूळ इथेच आहे. थोड्या लोकांमध्ये मात्र हे द्रव्य साचतं आणि ओठ, जीभ, पापणी किंवा घसा अचानक सुजतो. हे पहिल्या काही आठवड्यांत होऊ शकतं, तसंच काही वर्षांनीही. यात ॲलर्जी नाही. खाज सुटायला आणि पित्त उठायला लागणारं हिस्टामिन या सगळ्या प्रकारात कुठेच नसतं, म्हणून ॲलर्जीच्या गोळीचा इथे उपयोगही नसतो. दुसऱ्या दिवशी सूज उतरली ती आपसूक. अशी सूज एक-दोन दिवसांत ओसरतेच. पण गोळीने उतरली असा समज झाला की पुढच्या वेळीही घरचे सेट्रिझिन देतात आणि वाट बघत बसतात. मला भीती आहे ती त्या वाट बघण्याची. तिसऱ्या वेळी सूज ओठावरच थांबेल याची खात्री कोणी देऊ शकत नाही.

जीभ जड वाटली, आवाज बदलला, लाळ गिळता येईना किंवा श्वास घेताना आवाज येऊ लागला, तर घरात काही देत बसू नका. १०८ ला फोन करा किंवा गाडी काढा आणि जिथे रात्रीही डॉक्टर असतात अशा मोठ्या दवाखान्यात न्या. जाताना बीपीची गोळी सोबत न्या आणि आत शिरताना पहिलं वाक्य तिच्याबद्दल बोला. ते कळलं की डॉक्टरांचं लक्ष श्वासाच्या वाटेकडे आधी जातं.

शुगरच्या गोळ्यांचीही नावं बघा. व्हिल्डाग्लिप्टिन असेल तर तेही फोनवर सांगा, कारण प्रिलच्या जोडीला ती असली की अशा सुजेचा धोका वाढतो. गोळी बदलल्यानंतरही काही आठवडे एखाद्‌दुसऱ्या वेळी ओठ सुजू शकतो. नवी गोळीही बाधली असं समजून घाबरू नका, पण डॉक्टरांना कळवा. आणि प्रिल गटातली कुठलीही गोळी त्यांना पुन्हा कधीही द्यायची नाही, दुसऱ्या कंपनीचीसुद्धा नाही. समजा, गोळीचं नाव प्रिल नसलंच, तरी दोनदा ओठ सुजलेल्या माणसाला त्याच आठवड्यात डॉक्टरांनी बघायलाच हवं.

आता तुमच्या मुख्य शंकेकडे येते. औषधाने कातडीवर काही उठलं की आपण सरसकट ‘ॲलर्जी’ म्हणतो किंवा ‘गोळी गरम पडली’ म्हणतो. तुमच्या घरात तीन माणसांना तीन वेगळ्या गोष्टी झालेल्या आहेत आणि त्यांतली एक तर ॲलर्जीच नाही. हा फरक नुसता पुस्तकी असता तर मी तो इथे उगाळला नसता. पण आयुष्यभर एकच औषध टाळायचं, अख्खा गट टाळायचा, की काहीच टाळायचं नाही, हे त्यावरच ठरतं.

वेदनाशामक गोळ्यांचं बघा. एखाद्याला आयब्युप्रोफेन घेतल्यावर तासाभरात अंगभर गांधी उठतात. तो म्हणतो, मला आयब्युप्रोफेनची ॲलर्जी आहे, मी डायक्लोफेनॅक घेतो. पुढच्या दाढदुखीत डायक्लोफेनॅक घेतो आणि पुन्हा तसाच फुलून येतो. कारण बऱ्याचदा ती ॲलर्जी नसतेच. या सगळ्या गोळ्या दुखणं थांबवायला शरीरातली एकच वाट बंद करतात. ती बंद झाली की काहींच्या शरीरात दुसऱ्या वाटेने पित्त उठवणारी द्रव्यं जास्त तयार होतात. गोळीची जात कुठलीही असो, वाट तीच, म्हणून त्रासही तोच. अशा माणसाला आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन, नॅप्रोक्सेन सगळंच टाळावं लागतं. नेहमीच्या मात्रेतलं पॅरासिटामोल त्यांना बहुधा चालतं. उलट खरी ॲलर्जी असलेल्या माणसाला ती एकच गोळी बाधते आणि दुसऱ्या जातीची निर्धास्त चालते. दोघांचं अंग सारखंच फुललेलं दिसतं, पण त्यांना द्यायचा सल्ला वेगवेगळा.

गोळीच्या नेहमीच्या परिणामांतलेही कितीतरी बदल कातडीवर दिसतात आणि त्यांना ॲलर्जी समजून औषध सोडलं जातं. कुष्ठरोगाच्या बहुविध उपचारात क्लोफाझिमिन नावाची गोळी असते. तिने कातडी लालसर-तपकिरी, पुढे काळपट होत जाते. हे जवळजवळ ठरलेलंच असतं, औषध संपल्यावर महिन्यांमागून महिने हळूहळू ओसरतं. पण हे आधी नीट सांगितलेलं नसलं की रंग बदलायला लागल्यावर लोक गोळ्या टाकून देतात, आणि मग रोग बरा होता होता राहून जातो. मुरुमांसाठी डॉक्सिसायक्लिन घेणारी कॉलेजची मुलं ट्रेकला जातात आणि उन्हात एरवी नुसती काळवंडली असती तिथे भाजल्यासारखी लाल होतात. गोळी सोडायची गरज नसते, ऊन टाळायची असते. अ‍ॅम्लोडिपिनने बीपीच्या रुग्णांचे घोटे सुजतात. यांतलं काहीच ॲलर्जी नाही. यांत मात्रा कमी करणं, वेळ बदलणं किंवा नुसतं धीराने घेणं पुरतं.

तुमच्या मिस्टरांचं तसं नाही. त्यांची खरी ॲलर्जी आहे आणि इतक्या स्पष्ट वर्णनाचं पत्र मला क्वचित येतं. त्याच गोळीनंतर, त्याच संध्याकाळी, त्याच जागी. याला फिक्स्ड ड्रग इरप्शन म्हणतात. लुई ब्रोक या फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञाने १८९४ साली हे नाव दिलं, तेव्हा कारण होती अँटिपायरिन नावाची तापाची गोळी. आज आपल्याकडे ओपीडीत असे चट्टे घेऊन येणाऱ्यांना मी पहिला प्रश्न जुलाबाच्या आणि अंगदुखीच्या गोळ्यांचाच विचारते. नॉरफ्लॉक्सासिन-टिनिडाझोल, ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोल, कोट्रायमॉक्सॅझोल, डॉक्सिसायक्लिन, वेगवेगळी वेदनाशामकं, आणि हो, कधी कधी साधं पॅरासिटामोलसुद्धा.

घडतं ते असं. पहिल्यांदा गोळी घेतली तेव्हा बहुतेक काहीच झालं नसेल किंवा आठ-दहा दिवसांनी एक चट्टा उठला असेल. तो बरा झाला, पण त्या जागच्या कातडीत, अगदी वरच्या थरात, प्रतिकारशक्तीच्या काही पेशी कायमच्या मुक्कामाला राहिल्या. गस्तीवरचा शिपाई एका गल्लीत चौकी टाकून बसावा तशा. एरवी त्या गप्प असतात. तीच गोळी पुन्हा पोटात गेली की अर्ध्या तासापासून आठेक तासांत त्या जाग्या होतात आणि आसपासच्या कातडीच्या पेशींवर तुटून पडतात. आधी आग किंवा खाज, मग गोल, कडा रेखीव असलेला लालसर-जांभळा चट्टा, मधोमध कधी फोडही येतो. आठवड्याभरात तो वाळतो. मेलेल्या पेशींतला रंग खालच्या थरात सांडतो, म्हणून काळा-राखाडी डाग राहतो. दर वेळी आणखी रंग सांडतो, डाग आणखी गडद होतो. त्या चौक्याही वाढत जातात: पहिल्यांदा एक चट्टा, मग दोन, यंदा तीन. जाऊबाईंची उष्णता दर वेळी तीच जागा शोधून बाहेर आली नसती. आणि गोळी घेतच राहिलं तर पुढे अंगभर मोठमोठे फोड येऊ शकतात, तेव्हा दवाखान्यात भरती व्हावं लागतं. म्हणून ‘डागच तर पडतो’ म्हणून सोडून देऊ नका.

आता त्या तिसऱ्या चट्ट्याबद्दल. ओठ, हातपाय आणि जननेंद्रिय या तर ह्या रोगाच्या अगदी लाडक्या जागा आहेत. तिथे उठलेला चट्टा बघून गुप्तरोगाचा संशय येतो, घरात नको ते बोललं जातं, लाजेपोटी माणूस डॉक्टरांकडे जात नाही आणि मेडिकलमधून आणखी एक अँटिबायोटिक आणून खातो, ज्याने चट्टा अजून चिघळतो. तुमच्या पत्रातलं ते वाक्य मी दोनदा वाचलं. ताई, ओठावरचा, हातावरचा आणि तिथला चट्टा एकाच संध्याकाळी, एकाच गोळीनंतर उठले असतील, तर ते एकाच कारणाचे आहेत आणि त्या कारणाचा चारित्र्याशी काडीचाही संबंध नाही. हे मिस्टरांना वाचून दाखवा, आणि ज्यांनी बोल लावला त्यांनाही. नागिणीच्या जातीच्या विषाणूचे पुंजक्याने येणारे बारीक फोड वेगळे दिसतात आणि ते असा काळा डाग ठेवून जात नाहीत. तरी त्वचारोगतज्ज्ञांना एकदा प्रत्यक्ष दाखवाच, म्हणजे मनात किंतु उरणार नाही.

कुठली गोळी हे त्यांना ठाऊक आहे, पण गोळीतलं काय हे नाही. जुलाबाच्या त्या एका गोळीत बहुतेक दोन औषधं असतात, आणि गुन्हेगार दोघांपैकी कोणीही असू शकतं. शिवाय टिनिडाझोल बाधत असेल तर त्याच घराण्यातली मेट्रोनिडाझोल, ऑर्निडाझोल, सेक्निडाझोल ही भावंडंही बाधू शकतात; नॉरफ्लॉक्सासिन असेल तर सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन. छडा लागेपर्यंत दोन्ही घराणी बंद. छडा लावायचा एक चांगला मार्ग आहे, पॅच टेस्ट. मात्र ती नेहमीसारखी पाठीच्या चांगल्या कातडीवर केली तर काहीच दिसत नाही, कारण त्या पेशी पाठीत नाहीतच. औषधाचं मलम जुन्या डागावर लावून बघावं लागतं. ओठावर ते जमणार नाही, हातावरचा डाग त्याला सोयीचा. टेस्ट आधीचा चट्टा पूर्ण शांत होऊन काही आठवडे गेल्यावर करायची असते. तिच्यातून उत्तर निघालं नाही तर डॉक्टर स्वतःच्या देखरेखीखाली थोड्या मात्रेत औषध देऊन बघतात. घरी ‘अर्धी गोळी खाऊन बघतो’ हा प्रयोग कृपा करून करू नका.

खरं तर जुलाबाला ती गोळी लागतच नव्हती, हे मला जास्त टोचतं. मोठ्या माणसाचे साधे पाण्यासारखे जुलाब बहुतांशी दोन-तीन दिवसांत स्वतःहून थांबतात, तोवर ओआरएसचं पाणी, ताक, पेज, मऊ भात पुरतो. शौचात रक्त पडलं, जोराचा ताप आला, लघवी कमी झाली किंवा माणूस गळून गेला तर डॉक्टर. पण काउंटरवर ‘जुलाबाची गोळी द्या’ म्हटलं की अँटिबायोटिकची जोडगोळी हातात पडते आणि दोन डोस घेऊन उरलेली पट्टी डब्यात जाते. हे गावोगाव चाललंय.

ती ट्यूब आजपासून बंद करा. नाव वाचलंत तर क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन, जोडीला बुरशीचं औषध आणि एखादं अँटिबायोटिक असं त्रिकूट निघण्याची दाट शक्यता आहे. क्लोबेटासोल हे जहाल स्टिरॉइड आहे. ओठावर आणि त्या नाजूक जागी ते आठवडेच्या आठवडे लावलं तर कातडी पातळ होते, लाल होते, चिरते, आतली बुरशी दबून पसरते. आणि काळा डाग जाईल म्हणून लावत असाल तर तो त्याने जाणारच नाही, कारण रंग कातडीच्या खालच्या थरात आहे. गोळी पुन्हा पोटात गेली नाही तर काही महिन्यांत तो स्वतःच फिका पडत जाईल. स्टिरॉइडचा आजचा चट्टा शांत करायला कधी थोड्या दिवसांसाठी उपयोग होतो, पण ते कुठलं आणि किती दिवस हे तपासणाऱ्याने ठरवायचं.

मुलीचं थोडक्यात सांगते, कारण तिथे काळजीचं कारण सगळ्यात कमी आहे. तापात अँटिबायोटिक घेणाऱ्या मुलांच्या अंगावर उठलेलं पुरळ पुष्कळ वेळा ज्या विषाणूने ताप आला त्याचंच असतं. काहींमध्ये औषधाची उशिरा येणारी सौम्य ॲलर्जी असते. ती बहुधा चौथ्या दिवसानंतर दिसते, त्यामुळे सहावा दिवस दोन्हींकडे बसतो. ‘पेनिसिलिनची ॲलर्जी’ असा शिक्का असलेल्या दहांपैकी सुमारे नऊ जणांना रीतसर तपासल्यावर पेनिसिलिन चालतं, असं जगभर पुन्हा पुन्हा दिसून आलेलं आहे. तो शिक्का फुकट पडत नाही. पुढे न्यूमोनिया झाला, ऑपरेशन झालं की साधं, स्वस्त, अचूक औषध बाजूला राहतं आणि महागडं, जास्त जालीम अँटिबायोटिक द्यावं लागतं. म्हणून फॉर्मवर ‘पेनिसिलिनची ॲलर्जी’ असं लिहू नका. लिहा: ‘अमॉक्सिसिलिन चालू असताना सहाव्या दिवशी पुरळ, तपासणी बाकी’. तोवर अमॉक्सिसिलिन आणि ते ज्या घराण्यातलं आहे त्या पेनिसिलिनच्या घराण्यातली बाकीची औषधं टाळा. बालरोगतज्ज्ञांना मात्र हे नक्की सांगा की पुरळ सपाट ठिपक्यांचं होतं की उंच गांधी होत्या. आठवत नसेल तर पुढच्या वेळी कोणालाही काही उठलं की एका गांधीभोवती बॉलपेनने गोल काढा आणि वेळ टाका. चोवीस तासांच्या आत ती त्या गोलातून नाहीशी होऊन दुसरीकडे उठली असेल तर ते पित्त. गोल तसाच भरलेला राहिला तर दुसरं काही. मोबाइलवर फोटोही काढून ठेवा. दवाखान्यात पोचेपर्यंत अर्धी पुरळं मावळलेली असतात आणि मग आम्हाला ऐकीव वर्णनावर अंदाज बांधावा लागतो.

पित्तावर आमसुलाचं पाणी लावतात त्याला माझी हरकत नाही, गार वाटतं. पण गोळी किंवा इंजेक्शननंतर तासाभरात गांधींबरोबर श्वास लागला, घसा आवळला, चक्कर आली, उलट्या झाल्या, तर आमसूल शोधत बसायची वेळ नाही. त्याचा इलाज मांडीत देण्याचं ॲड्रेनलिनचं इंजेक्शन आहे आणि ते मिनिटांत मिळायला हवं.

रक्ताच्या त्या शंभर ॲलर्जींच्या टेस्टवर पैसे घालवू नका. त्यात धूळ, शेंगदाणे, अंडं, परागकण यांच्याविरुद्धच्या आयजीई प्रकारच्या प्रतिपिंडांची, म्हणजे लगेच उठणाऱ्या ॲलर्जीमागच्या रक्तातल्या प्रथिनांची, मोजणी असते. मिस्टरांचा चट्टा पेशी घडवतात, प्रतिपिंडं नव्हे. सासूबाईंची सूज ब्रॅडिकायनिनची. मुलीचं पुरळ उशिराचं. तिघांच्याही दुखण्याचा त्या कागदावर मागमूस दिसणार नाही. उलट वांगं किंवा डाळीपुढे एखादा अधिकचा आकडा छापून येईल आणि घरात विनाकारण पथ्य सुरू होईल. इंजेक्शनआधी हातावर देतात त्या ‘टेस्ट डोस’वरही फार विसंबू नका. तो साफ आला म्हणजे आठवड्याने पुरळ उठणार नाही असा त्याचा अर्थ नाही.

एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही, पण ती सांगितल्याशिवाय मी थांबणार नाही. फार थोड्या लोकांमध्ये औषधाची प्रतिक्रिया कातडी सोलून काढते. स्टीव्हन्स आणि जॉन्सन या अमेरिकन डॉक्टरांनी १९२२ मध्ये दोन मुलांमध्ये तिचं वर्णन केलं, म्हणून तिला त्यांचं नाव आहे. औषध सुरू केल्यावर बहुतेक करून चार दिवस ते चार आठवडे या काळात ती येते. आधी ताप, डोळ्यांची आग, घसा दुखणं, म्हणजे साधा फ्लूच वाटतो. मग तोंडात आणि ओठांवर सालपटं निघणारे व्रण, डोळे लाल, गुप्तांगावर व्रण, आणि कातडी नुसती हात लावला तरी दुखते. खाजण्यापेक्षा दुखणारं पुरळ हे वाईट लक्षण आहे, एवढं मनात पक्कं ठेवा. दुसऱ्या एका प्रकारात दोन ते आठ आठवड्यांनी ताप, चेहऱ्यावर सूज, मानेत गाठी आणि यकृताला इजा होते. दोन्हींत संशयित औषध त्याच क्षणी बंद करून मोठ्या रुग्णालयात जायचं असतं.

फिटच्या फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, लॅमोट्रिजिन या गोळ्या, कोट्रायमॉक्सॅझोल आणि युरिक ॲसिडचं ॲलोप्युरिनॉल ही यातली ठळक नावं. ज्यांना गरज आहे त्यांनी ती जरूर घ्यावीत, फिटची गोळी तर स्वतःहून थांबवणं घातक आहे. कार्बामाझेपिनचा धोका एका ठरावीक जनुकाशी बांधलेला आहे, हे तैवानच्या संशोधकांनी २००४ मध्ये दाखवलं. तो जनुक काही भारतीयांतही सापडतो आणि गोळी सुरू करण्याआधी रक्ताची तपासणी करता येते, डॉक्टरांना विचारायला संकोच करू नका. राग येतो तो ॲलोप्युरिनॉलच्या सढळ वापराचा. चेकअप पॅकेजमध्ये युरिक ॲसिड थोडं जास्त आलं, सांधा दुखत नाही, मुतखडा नाही, तरी गोळी सुरू. सासूबाईंच्या रिपोर्टवर उद्या कोणी असं काही सुचवलं तर ‘त्यांना काही त्रास नाही, तरी लागेल का?’ एवढं विचारा. सांधेदुखीवर कोणी कागदाच्या पुडीतलं नाव नसलेलं औषध दिलं तर तेही घेऊ नका. देशी म्हणून दिलेल्या पुड्यांमध्ये स्टिरॉइड आणि वेदनाशामकं मिसळलेली सापडलेली आहेत, आणि नुसत्या झाडपाल्यानेही अंगावर उठू शकतं.

या आठवड्यात एक काम करा. तिघांसाठी तीन जाड कागदाची कार्डं करा आणि प्रत्येकावर औषधाचं मूळ नाव, ते सुरू केल्यावर कितव्या दिवशी किंवा तासाला काय उठलं, आणि तारीख लिहा. कंपनीचं नाव पुरत नाही. एकाच ठळक नावामागे एखादं अक्षर जोडून आत वेगळंच औषध असलेल्या गोळ्या बाजारात आहेत. आणि मेडिकलमध्ये दोनच गोळ्या मागितल्या की कात्रीने पट्टी कापून देतात, मूळ नाव दुकानातल्या तुकड्यावर राहतं आणि आपल्या हातात नुसती चकचकीत पाठ येते. कापण्याआधी अख्ख्या पट्टीचा फोटो काढा, बिल मागा. मिस्टरांचं कार्ड त्यांच्या पाकिटात राहू दे, तुमच्या कपाटात नको. जुलाब लागतात ते बाहेरगावीच जास्त. दाताच्या डॉक्टरांनाही ते दाखवायचं, तिथे मेट्रोनिडाझोल हमखास लिहिलं जातं.

दुसरं काम सगळ्यांसाठी आहे. औषधांचे दुष्परिणाम नोंदवायची आपल्या देशात सरकारी व्यवस्था आहे. २०१० मध्ये सुरू झालेला हा कार्यक्रम गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडून चालतो, आणि डॉक्टरांप्रमाणे रुग्णालाही स्वतः नोंद करता येते. १८००-१८०-३०२४ हा त्याचा टोल फ्री क्रमांक, फॉर्म मराठीतही आहे. रुग्णाचं पूर्ण नाव द्यावं लागत नाही, आद्याक्षरं चालतात. वय, गोळीचं नाव, काय झालं आणि केव्हा, एवढं हवं असतं. मिस्टरांच्या चट्ट्यांची आणि सासूबाईंच्या ओठाची अशा दोन वेगळ्या नोंदी करा. जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्वचा विभागात जाल तेव्हा तिथे असं नोंदणी केंद्र आहे का तेही विचारा. बऱ्याच ठिकाणी ते औषधशास्त्र विभागात असतं आणि तिथले डॉक्टर फॉर्म भरून घेतात.